आयरिश खेड्यातल्या म्हणी आणि रोजचं बोलणं: कधी काय म्हणायचं, उत्तर काय द्यायचं

मेयो, रॉसकॉमन, केरी किंवा डोनेगलच्या एखाद्या गावात मराठी माणूस येतो तो बहुतेक नोकरीपायी. कुणी रुग्णालयात नर्स, कुणी डॉक्टर, कुणी वृद्धाश्रमात, तर कुणी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमागे आलेलं. इंग्रजी येत असतं, परीक्षाही दिलेली असते. तरी पहिल्याच आठवड्यात काउंटरपलीकडून आलेलं एखादं वाक्य डोक्यावरून जातं. शब्द सगळे ओळखीचे, पण माणसाला म्हणायचंय काय ते कळत नाही.

याला कारण आहे. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या घरात आयरिश बोलत होती. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः 1845 ते 1852 च्या मोठ्या दुष्काळानंतर, गावंच्या गावं इंग्रजीकडे वळली. बोलायची रीत मात्र जुनीच राहिली आणि म्हणीही राहिल्या. काही मूळ आयरिशमध्ये, बऱ्याच इंग्रजीत उतरून. 2022 च्या जनगणनेत 18,73,997 लोकांनी आपल्याला आयरिश येतं असं नोंदवलं, पण शाळा-कॉलेजबाहेर रोज ती बोलणारे 71,968 च निघाले. रोज बोलणारे थोडे असले तरी शाळेत ही भाषा जवळपास सगळेच शिकतात, त्यामुळे दोन-चार आयरिश म्हणी येत नाहीत असं माणूस गावात मिळणं अवघड.

मी मेयोत राहते आणि वृद्धाश्रमात काम करते, म्हणून खाली दिलेले उच्चार पश्चिमेकडच्या वळणाचे आहेत. दक्षिणेत, मन्स्टर प्रांतात, तीच म्हण थोडी वेगळी ऐकू येईल. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं: म्हणी पाठ करायची घाई करू नका. आधी उत्तर द्यायला शिका, मग कुठली म्हण कुठल्या प्रसंगी येते ते ओळखा, आणि स्वतः म्हणायचं अगदी शेवटी. नीट उत्तर देणाऱ्याला इथे लवकर आपलं मानतात.

पहिली पायरी: हवामानाला उत्तर द्या

दुकानात, पोस्टात, डॉक्टरकडच्या बाकावर पहिलं वाक्य हवामानाचंच येणार. ते माहिती म्हणून सांगितलेलं नसतं. समोरचा तुम्हाला बोलण्यात ओढून घेत असतो. तेव्हा त्याचं म्हणणं खोडायचं नाही आणि फोनवरचा अंदाजही वाचून दाखवायचा नाही. त्याच्याच सुरात दोन शब्द परत करायचे.

'सॉफ्ट डे, थँक गॉड' हे सर्वांत आधी कानावर पडेल. भुरभुर पाऊस, पडलेला वारा, सौम्य हवा आणि ढगात गेलेले डोंगर, अशा दिवसाला सॉफ्ट डे म्हणतात. पश्चिम आयर्लंडात वर्षातले साधारण 225 दिवस पाऊस असतो. कोकणातला पाऊस चार महिने कोसळून निघून जातो. हा बाराही महिने असतो, पण बऱ्याचदा छत्री न उघडता चालता येईल इतकाच. वर्षभर सोबत राहणाऱ्या पावसावर रोज कुरकुर कोण करणार? म्हणून देवाचे आभार मानून मोकळे होतात. उत्तर एवढंच: 'इट इज, थँक गॉड.'

ऊन आणि वारा एकत्र आले की शेजारीण कुंपणावरून म्हणेल, 'देअर्स ग्रेट ड्राइंग आउट.' म्हणजे आज दोरीवरचे कपडे मस्त वाळतील. हा इथला खरा आनंद आहे, त्यात मनापासून सामील व्हा. फेब्रुवारी लागला की 'ग्रँड स्ट्रेच इन द इव्हनिंग्ज' सुरू होतं. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो आणि जूनमध्ये सतरा तासांचा होतो, तेव्हा संध्याकाळ लांबू लागल्याचं कौतुक दरवर्षी नव्याने होतं. पहिला हिवाळा काढलात की हे वाक्य तुमच्याही तोंडून आपोआप निघेल.

ऋतूंच्या जुन्या म्हणी गुरांभोवती फिरतात. 1 फेब्रुवारी हा संत ब्रिगिडचा दिवस. 2023 पासून त्यासाठी सार्वजनिक सुट्टीही मिळते. ब्रिगिड म्हणते, माझ्या दिवसापासून पुढे दिवसाआड चांगला दिवस येईल. त्याच दिवशी शेतकरी गोठ्यात डोकावून बघायचे, कारण निम्मा चारा अजून शिल्लक हवा असा नियम होता. एप्रिलच्या सुरुवातीला अचानक गारठा पडला तर एखादे आजोबा 'लेहंता न बो रीवी', पट्टेरी गाईचे दिवस, असं काहीतरी पुटपुटतील. गोष्ट अशी. मार्च संपला तशी एक म्हातारी गाय फुशारकी मारायला लागली, मार्चला काही मला मारता आलं नाही. मार्च चिडला. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि त्या तीन दिवसांत गाय गारठून मेली. चारा संपत आलेला, गवत अजून उगवलेलं नाही, जनावरं हडकलेली. अशा वेळी थंडीचे तीन दिवस खरोखरच गोठा रिकामा करत. ही गोष्ट ठाऊक आहे असं कळलं की म्हातारी माणसं खुर्ची जवळ ओढून घेतात.

मेयोत आणखी एक वाक्य ऐकाल. क्रो पॅट्रिक हा 764 मीटर उंचीचा यात्रेचा डोंगर, गावचे लोक त्याला 'द रीक' म्हणतात. तो दिसत असेल तर पाऊस येणार आहे आणि दिसत नसेल तर पाऊस पडतोय. देशातल्या जवळजवळ प्रत्येक डोंगराबद्दल हेच म्हणतात. तरीही प्रत्येक वेळी हसायचं.

हवामान झालं की फुटबॉल, म्हणजे इथला गेलिक फुटबॉल. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, संघ कसा खेळतोय एवढं ठाऊक असू द्या. मेयोने ऑल-आयर्लंड स्पर्धा शेवटची जिंकली ती 1951 साली, आणि इथे त्या विषयावर बोलताना आवाज आपसूक खाली येतो. गावच्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हा नमस्कार आहे, ओळख असो वा नसो. तुम्हीही बोट उचला.

दुसरी पायरी: होकार, नकार आणि चहा

आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना सुटे शब्द नाहीत, क्रियापदानेच उत्तर देतात. त्यामुळे इंग्रजीतही 'आर यू कमिंग?' ला 'आय अ‍ॅम' आणि 'विल यू?' ला 'आय विल' असं उत्तर येतं. आपल्याला हे जड जाऊ नये, 'येतेस का?' ला आपणही 'येते' म्हणतो. नुसत्या 'येस'पेक्षा असं उत्तर इथे ऊबदार वाटतं. फक्त 'आय विल, येह' हे लांबवून, विशेषतः कॉर्ककडच्या माणसाने म्हटलं, तर त्याचा अर्थ 'मुळीच नाही' असा घ्यायचा.

'ग्रँड' या शब्दाचा अर्थ 'भव्य' नाही. बरं, चालेल, ठीक आहे, पुरे, नको, काळजी करू नका, हे सगळं त्यात येतं. 'नॉट द वर्स्ट' म्हटलं तर ती स्तुती समजा. वृद्धाश्रमातले आजोबा जेवणाला 'नॉट द वर्स्ट' म्हणाले तर स्वयंपाकघरात जाऊन सांगण्याजोगी गोष्ट झाली.

चहाचं मात्र नीट समजून घ्या. कुणाच्या घरी गेलात की चहा विचारणार. पहिल्यांदा 'नो, आय अ‍ॅम ग्रँड' म्हणणं शिष्टाचार. यजमानीण ऐकणार नाही, 'अ‍ॅह, यू विल'. दुसऱ्यांदा थोडं नरमायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा. आपल्या घरांतही आग्रह असतो, त्यामुळे ही चाल आपल्या लोकांना पटकन जमते. अडचण उलट बाजूने येते. तुमच्या घरी आयरिश शेजारी आला आणि त्याने पहिल्यांदा 'नको' म्हटलं, तर तेवढ्यावर थांबू नका. पुन्हा विचारा, नाहीतर तो बिचारा चहाविना घरी जाईल. 'जस्ट अ कप इन युअर हँड' म्हणजे टेबल न मांडता, उभ्या उभ्या. कुणाकडे जाताना काहीतरी घेऊन जा. रिकाम्या हाताने आलेल्याबद्दल इथे म्हणतात, तो 'विथ वन आर्म अ‍ॅज लाँग अ‍ॅज दि अदर' आला, दोन्ही हात सारखेच लांब. हात हलवत येणं म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको.

तिसरी पायरी: वेळेचे शब्द तपासून घ्या

ही पायरी छोटी आहे, पण कामाच्या ठिकाणी हिच्यावाचून घोटाळे होतात. खेड्यात, त्यातही वयस्क माणसांच्या तोंडी, 'इव्हनिंग' दुपारच्या जेवणानंतर लगेच सुरू होते. आयरिशमधला 'त्रानोना' हा शब्द दुपार आणि संध्याकाळ दोन्ही पोटात घेतो, त्याचा हा परिणाम. 'डिनर' बऱ्याच शेतकरी घरांत दुपारी असतं आणि सायंकाळच्या खाण्याला 'टी' म्हणतात. 'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा. 'धिस डे वीक' म्हणजे पुढच्या आठवड्यातला हाच वार. 'आय अ‍ॅम आफ्टर लॉकिंग द डोर' म्हणजे दार आत्ताच लावलं. लावायला निघालेय असा त्याचा अर्थ घेऊ नका. कुणी 'कम डाउन इन दि इव्हनिंग' म्हटलं तर सरळ विचारा, किती वाजता? त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

चौथी पायरी: मोजक्या म्हणी, प्रसंगासकट

म्हणीला आयरिशमध्ये 'शॅनओकल' म्हणतात. अशा हजारो आहेत. पहिल्या वर्षात सात-आठ पुरतात, पण त्या कुठल्या प्रसंगी येतात ते पक्कं हवं.

सुरुवात 'एर स्काह अ ह्येले अ वॅरन न दीने' हिच्यापासून करा. माणसं एकमेकांच्या सावलीत जगतात. पावसावाऱ्याच्या या देशात सावली म्हणजे आडोसा. ही म्हण सभेत, शाळेच्या भिंतीवर, शोकसंदेशात भेटते, पण तिचा खरा अर्थ मला 24 जानेवारी 2025 ला एओविन वादळ आलं तेव्हा समजला. गॉलवेतल्या मेस हेड इथे वाऱ्याचा झोत ताशी 180 किलोमीटरच्या वर गेला. देशातला तो आजवरचा उच्चांक. सुमारे 7,68,000 घरं आणि व्यवसाय अंधारात गेले, पश्चिमेकडच्या काही घरांत वीज यायला दोन आठवड्यांहून अधिक लागले. घरोघर वीज नाही, बऱ्याच ठिकाणी विहिरीचा पंप विजेवर म्हणून पाणीही नाही. मग गावचा सभागृह उघडला, फुटबॉल क्लबात गरम जेवण आणि फोन चार्ज करायची सोय झाली, ज्याच्याकडे जनरेटर तो दारोदार फिरला. असं काही घडल्यावर कुणी ही म्हण म्हटली तर मान हलवा, आणि पुढच्या वेळी आपल्या घरचं काय उपयोगी पडेल ते आधी सांगून ठेवा.

तिच्या जोडीची म्हण 'नी न्यार्त गो कुर ले ह्येले', एकत्र आल्याशिवाय बळ नाही. क्लबच्या आणि गावसमितीच्या बैठकांत हमखास येते. या दोन्हींमागे 'मेहल' नावाची प्रथा आहे. गवत कापणं, टर्फ म्हणजे जळणासाठी दलदलीतली माती काढणं, मळणी अशी कामं शेजारी मिळून पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेतात करत. आपल्याकडच्या इर्जिकीसारखीच पद्धत: पैसे नाहीत, जेवण घालायचं आणि वेळ आली की श्रम परत करायचे. आज यंत्रं आली, तरी शब्द जिवंत आहे. तुम्हाला 'मेहल'ला बोलावलं तर नक्की जा.

'नी हे ला न गीहे ला न स्कोलब'. वाऱ्याचा दिवस हा छप्पर शाकारायचा दिवस नव्हे. गवताचं छप्पर टोकदार काड्या मारून बसवत, त्या काड्यांना स्कोलब म्हणतात. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण जे ऐकवतो तेच हे. फरक एवढा की ही म्हण दुसऱ्याच्या फजितीवर सहसा म्हणत नाहीत. स्वतःबद्दल म्हणायला मात्र फार चांगली: गाडीचा टायर वेळेवर बदलला नाही, लाकडं आणून ठेवली नाहीत, की स्वतःच हसत म्हणायची.

'ग्यरीन बेर्च बोहर', दोघं असली की वाट कमी होते. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत सुरक्षित म्हण आहे. कुणी गाडीत घेतलं, रात्रपाळीत सोबत केली, रुग्णालयात बरोबर आलं, की उतरताना म्हणा. उच्चार थोडा चुकला तरी बिघडत नाही. त्यासाठी वेगळी म्हणच आहे, 'इस फार गेल्ग्ये व्रिश्चे ना बेर्ला क्लिश्चे', चलाख इंग्रजीपेक्षा मोडकं आयरिश बरं. तुम्ही अडखळलात की समोरचा बहुधा हीच म्हणून तुम्हाला धीर देईल.

'नील एन तिंचान मर दो हिंचान फेन', आपल्या चुलीसारखी चूल नाही. सुट्टीवरून परतल्यावर घरात पाऊल टाकताना म्हणतात. तुम्ही भारतातून परत आलात की कुणीतरी ही म्हणेल, आणि त्यात हळूच प्रश्न दडलेला असतो: तुझं घर आता कुठलं? मला तो प्रश्न आवडतो. उत्तर द्यायची सक्ती नसते.

'इस फार अन त्लान्चे ना न तान्चे', संपत्तीपेक्षा तब्येत बरी. यातला 'तान्चे' म्हणजे गुरांचे कळप, कारण जुन्या आयर्लंडात श्रीमंती गाईंच्या संख्येवर मोजत. आजाऱ्याला भेटताना, निवृत्तीच्या दिवशी, लॉटरीच्या गप्पांत ही कुठेही चालते.

काही म्हणी मूळ आयरिशमध्ये असूनही इंग्रजीतच जास्त ऐकू येतात. 'लिव्ह, हॉर्स, अँड यू विल गेट ग्रास': घोड्या, जगून राहा, गवत मिळेल. व्हिसाचा कागद, घराची परवानगी, रुग्णालयातली तारीख, अशा लांबलेल्या वाटेवर ही तुम्हाला ऐकवतील. 'फारअवे हिल्स आर ग्रीन' म्हणजे आपले दुरून साजरे दिसणारे डोंगर. हिचं भावंड आणखी मजेदार आहे: परदेशातल्या गाईंची शिंगं लांब असतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावांतून तरुण मुलं बोस्टनला, लंडनला, सिडनीला गेली, तिथे ही म्हण आई-वडिलांच्या तोंडी येते. आपणही कुणाची तरी दूर गेलेली मुलं आहोत, तेव्हा ऐकताना जरा हळवं व्हायला होतं.

दोन म्हणींना हात लावताना जपा. 'इस मिनिक अ व्रिश बेल दिन्ये अ ह्रोन', माणसाच्या तोंडानेच कितीदा त्याचं नाक फोडलंय. ही ताकीद आहे. कुणी तुम्हाला उद्देशून म्हटली तर बोलणं तिथेच आवरा. तुम्ही दुसऱ्याला म्हणू नका. आणि पोट भरलेल्याला उपाशी कळत नाही, अशी एक म्हण आहे. तिच्याशी कधीच थट्टा नको. मेयोतल्या डूलॉख खोऱ्यात मार्च 1849 मध्ये मदतीच्या आशेने चालत निघालेली उपाशी माणसं वाटेत मेली. तिथे स्मारक आहे, आजही लोक त्या वाटेने चालत जातात. दुष्काळ हा इथे जुना इतिहास झालेला नाही. भुकेची म्हण कुणी गंभीरपणे म्हटली तर नुसतं ऐकून घ्या.

पाचवी पायरी: दुःखाच्या घरी

या पायरीवर मी सर्वांत जास्त जोर देते, कारण इथेच नवखी माणसं घाबरून मागे राहतात आणि ते राहणं गावाच्या लक्षात येतं. गेल्याशिवाय राहू नका. धर्म वेगळा असला तरी जा. मृताला तुम्ही ओळखत नसलात, पण त्याची मुलगी तुमच्याबरोबर काम करते, एवढं कारण पुरेसं आहे.

बातमी 'आरआयपी डॉट आयई' या संकेतस्थळावर आणि स्थानिक रेडिओवर कळते. मेयोत मिडवेस्ट रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचतात तेव्हा घरातली बोलणी थांबतात. बातमीत 'हाउस प्रायव्हेट' असेल तर घरी जायचं नाही, चर्चमध्ये किंवा शोकगृहात जायचं. तसं नसेल तर दिलेल्या वेळेत घरी जायचं. मृतदेह बहुधा घरातच, उघड्या शवपेटीत ठेवलेला असतो. त्याला वेक म्हणतात, आणि दफन साधारण दोन-तीन दिवसांत होतं.

रांगेत उभे राहा. घरची माणसं ओळीने बसलेली किंवा उभी असतील. प्रत्येकाचा हात हातात घ्या आणि म्हणा, 'सॉरी फॉर युअर ट्रबल.' आयरिशमधल्या 'नी मा लुम दो ह्रिब्लोज' याचं हे सरळ इंग्रजी रूप. एवढंच म्हणायचं. मृत्यू कसा झाला ते विचारायचं नाही, आपल्याकडचं काही समजवायचं नाही, लांब वाक्य शोधायचं नाही. शेकडो लोक तेच चार शब्द म्हणतात, आणि ते तेच असतात म्हणूनच घरच्यांना सोसतात. पेटीपाशी क्षणभर थांबा. लोक प्रार्थना करतील किंवा मृताच्या हाताला स्पर्श करतील, तुम्ही नुसते हात जोडलेत तरी चालतं.

मग तुम्हाला चहा आणि सँडविच देतील. आपल्या घरांत अशा दिवशी चूल पेटत नाही, त्यामुळे पहिल्यांदा घास गिळत नाही. पण इथे तो चहा शेजाऱ्यांनी केलेला असतो आणि तो घेणं म्हणजे त्या घराला आधार देणं. कोपऱ्यात कुणी मृताची गोष्ट सांगून हसेल, त्यानेही बिचकू नका. जमलं तर एक चांगली आठवण सांगा: 'शी वॉज व्हेरी गुड टू मी.' आणि त्यानंतर कधीही गेलेल्या माणसाचं नाव घ्यायची वेळ आली तर मागे 'गॉड रेस्ट हिम' किंवा 'गॉड रेस्ट हर' जोडा. महिन्याने 'मंथ्स माइंड' नावाची प्रार्थना असते. तिला आलेला माणूस घरचे विसरत नाहीत.

सहावी पायरी: कौतुक करताना आणि झेलताना

शेजारच्या बाळाला 'किती गोड' म्हणालात की पाठोपाठ 'गॉड ब्लेस हर' म्हणा. बाळाचं किंवा जनावराचं कौतुक करून देवाचं नाव न घेणं जुन्या माणसांना खटकतं. दृष्ट लागण्याची समजूत इथेही होती. शेतात, अंगणात काम करणाऱ्याला 'गॉड ब्लेस द वर्क' म्हणतात, आयरिशमध्ये 'बाल ओ यीआ एर अन ओबिर'. पुढचे बेत सांगताना 'प्लीज गॉड' जोडतात. मनात श्रद्धा असो-नसो, भाषेत हे सगळं मुरलेलं आहे.

स्वतःचं कौतुक झालं तर ते थोडं खाली ठेवायची रीत आहे. ड्रेस छान आहे असं कुणी म्हटलं की बाई लगेच सांगते, 'पेनीज!', म्हणजे त्या स्वस्त दुकानातला. पगार, पदवी, भारतातल्या घराची किंमत, मुलांचे टक्के हे आपण होऊन सांगू नका. तसं केलं की 'शी हॅज नोशन्स', ही स्वतःला फार समजते, असं पाठीमागे म्हणतात, आणि हा शिक्का लवकर पुसत नाही. आपल्याकडे मुलांचं यश अभिमानाने सांगतात, त्यामुळे ही सवय बदलायला वेळ लागतो. दुसऱ्याचं यश मात्र मोकळेपणाने बोला: 'फेअर प्ले टू यू.' मुलांच्या बाबतीत 'मोल अन ओग्ये आगस चुकी शी', तरुणांना शाबासकी द्या, ती फुलतील, ही म्हण शाळेच्या कार्यक्रमात म्हणाल तर मुख्याध्यापकांपासून आजीपर्यंत सगळे खूश होतील.

सातवी पायरी: 'तुझी माणसं कुठली?'

बाहेरून आलेल्याला 'ब्लो-इन' म्हणतात, वाऱ्याने उडून आलेला. शेजारच्या काउंटीतून तीस वर्षांपूर्वी आलेली सूनही ब्लो-इनच असते. तो शब्द तुमच्या रंगासाठी किंवा देशासाठी काढलेला नाही, म्हणून मनाला लावून घेऊ नका. दुखवायला कुणी काही बोललं तर तो वेगळा विषय, आणि तो फरक कानाला कळतो.

गावात माणसाची ओळख त्याच्या घराण्यावरून आणि टाउनलँडवरून होते. टाउनलँड म्हणजे वाडीएवढा जमिनीचा तुकडा. बेटावर असे 60,000 हून अधिक आहेत, प्रत्येकाला नाव आहे. 2015 पासून प्रत्येक पत्त्याला आयरकोड मिळाला, तरी म्हातारी माणसं अजून अमक्याच्या घरावरून डावीकडे असाच रस्ता सांगतात. आपल्या टाउनलँडचं नाव नीट म्हणता येऊ द्या. तुमची माणसं कुठली असं विचारतील तेव्हा 'इंडिया' म्हणून थांबू नका. गावाचं, नदीचं नाव सांगा, काय पिकतं ते सांगा. 'महाराष्ट्र' म्हटलं की बऱ्याचदा लिओ वराडकरांचा विषय निघतो. 2017 ते 2020 आणि पुन्हा 2022 ते 2024 या काळात ते पंतप्रधान होते, आणि वडिलांकडून त्यांचं मूळ मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. 2019 च्या अखेरीस ते वराडला गेले होते, त्याची छायाचित्रं इथल्या लोकांनीही पाहिलीत. त्यांच्या राजकारणावर मतं टोकाची असतात, म्हणून आपण वराड आणि कोकण यांवरच बोलावं.

आठवी पायरी: म्हणी गोळा करायची जागा

1937 ते 1939 या काळात आयरिश फोकलोर कमिशनने देशभरातल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, म्हणी, उपचार, हवामानाचे ठोकताळे लिहून आणायला सांगितलं. सुमारे 5,000 शाळांमधल्या 50,000 हून अधिक मुलांनी वह्या भरल्या. त्या वह्या 'दूखस डॉट आयई' वर मोफत वाचता येतात. तुम्ही राहता त्या गावच्या शाळेचं नाव टाका. शेजाऱ्याच्या आजीने बारा वर्षांची असताना लिहिलेलं पान मिळणं शक्य आहे. ते छापून शेजाऱ्याला नेऊन दिलंत तर मैत्री व्हायला दुसरं काही लागत नाही. उच्चारांसाठी 'तांगलन डॉट आयई' बघा, तिथे बरेच शब्द तिन्ही मोठ्या बोलींत ऐकता येतात. रेडिओ न गेल्टख्ता हे आयरिश भाषेतलं केंद्र लावून ठेवलं तर कान तयार होतो.

ऐकलेली म्हण वहीत लिहिताना तिच्यासोबत कोण, कुणाला आणि काय घडल्यावर म्हणालं तेही लिहा. एवढं नसेल तर ती म्हण महिन्याने निरुपयोगी होते.

आणि वृद्धाश्रमात किंवा म्हाताऱ्या शेजाऱ्यांत वावरत असाल तर एक युक्ती करून बघा. म्हणीचा पहिला भाग तुम्ही म्हणा आणि थांबा. 'ग्यरीन बेर्च...' एवढंच. ज्यांना सकाळचा नाश्ता आठवत नाही अशी माणसंही शाळेत पाठ केलेला पुढचा शब्द बऱ्याचदा पुरा करतात, आणि कधी त्याच्या मागोमाग ती शाळा, ते मास्तर, ती वाटही येते. नाही आला पुढचा शब्द, तर तो आपण म्हणायचा आणि चहा विचारायचा.